निवड आधी, अर्ज नंतर : जुन्नर तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे प्रकरण

हे प्रकरण जुन्नर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे आहे. २०२४ साली ती राज्य मंडळाची बारावीची परीक्षा विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली आणि त्याच वर्षी तिने केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. मी तिची अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची शिक्षिका. निकालाच्या दिवसापासून पुढचे वर्षभर या कुटुंबाबरोबर मी होते, आणि झालेल्या चुकांपैकी एक माझीही होती. तिचे, तिच्या गावाचे आणि तिने प्रवेश घेतलेल्या महाविद्यालयांचे नाव येथे दिलेले नाही; बाकी तपशील घडला तसा मांडला आहे.

कुटुंबाची शेती साडेतीन एकर, त्यातील दोन एकर ओलिताखाली. पावसाळ्यात टोमॅटो, नंतर कांदा. माल नारायणगावच्या बाजारात जातो. घरात आई-वडील, आजी आणि आठवीतला धाकटा भाऊ. चुलते चाकणच्या एमआयडीसीत नोकरीला असून शिक्षणाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द मोठा मानला जातो. कुटुंब इतर मागास वर्गातील आहे आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या बरेच खाली आहे. यापलीकडची एक गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. खोडदची महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचा तो पसारा, याच भागात आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास शाळांसाठी खुली असते. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांनी ती एकदा तरी पाहिलेली असते. या मुलीने ती सहा वर्षे, दर वर्षी पाहिली होती. बारावीत असताना ती मला म्हणाली होती, "मॅडम, इंजिनियर व्हायचंच नाही असं नाही माझं. पण त्या डिशमध्ये नेमकं काय येतं आणि ते आकडे होऊन कसं निघतं, ते मला आधी कळून घ्यायचंय."

२१ मे २०२४ रोजी निकाल लागला. तिला ६०० पैकी ५५९ गुण, म्हणजे ९३.१७ टक्के मिळाले. सीईटीचा निकाल जूनच्या मध्यावर आला आणि त्यातही तिची कामगिरी चांगली होती. पुण्यातील एखाद्या बऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळेल, असा सर्वांचा अंदाज होता.

येथे शिष्यवृत्तीचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. इन्स्पायर योजना २००८ साली सुरू झाली. तिच्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीत निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ८०,००० रुपये मंजूर होतात. त्यांपैकी ६०,००० रुपये रोख मिळतात आणि २०,००० रुपये उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली करायच्या प्रकल्पासाठी असतात. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मूलभूत विज्ञानातच चालू ठेवले, तर ही मदत जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. वेगळी परीक्षा नाही, निबंध नाही, मुलाखत नाही. जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या दहा हजारांत येऊन मूलभूत विज्ञानाकडे वळलेल्यांना वेगळी वाट आहे, पण ग्रामीण भागातील बहुतेक मुलांसाठी खरी वाट एकच: आपल्या मंडळाच्या बारावीच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांतील पहिल्या एक टक्क्यात असणे. राज्य मंडळाच्या त्या वर्षीच्या परीक्षेत १३,२९,६८४ नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले होते. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे १३,३००. आकडा मोठा वाटतो, परंतु त्यातील कितीतरी जण वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि इतर शाखांकडे जातात आणि अर्जच करत नाहीत.

या योजनेची खरी अडचण तिच्या क्रमात आहे, आणि माझ्या मते मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवे. अर्ज करण्यासाठी विद्यार्थ्याने मूलभूत विज्ञानाच्या पदवीला आधीच प्रवेश घेतलेला असावा लागतो. अर्जाची मुदत त्यानंतर, पावसाळा सरत आल्यावर येते. आपण एक टक्क्यात आहोत की नाही हे खात्रीने त्याहूनही उशिरा कळते. म्हणजे अभियांत्रिकीची जागा सोडायची ती जून-जुलैमध्ये आणि शिष्यवृत्तीचे उत्तर येणार कित्येक महिन्यांनी. शिवाय अर्ज त्याच वर्षी बारावी झालेल्यांनाच करता येतो; एक वर्ष थांबून पुढच्या खेपेस पाहू, अशी सोय नाही. अर्जाची स्पर्धा अशा रीतीने अर्जाच्या आधीच्या निवडीत दडलेली असते, आणि ती निवड कुटुंबाला अपुऱ्या माहितीवर करावी लागते.

वडिलांनी हे कोणत्याही नियमावलीशिवाय ओळखले होते. निकालानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. ओट्यावर टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडलेले होते आणि बोलता बोलता ते एकेक रोप तपासून पिवळे पडलेले बाजूला काढत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल तसं करू. पण शिष्यवृत्ती नाही मिळाली, तर पोरगी काय करणार, ते आधी सांगा." हा प्रश्न मला वर्गातच माझ्या मुलांपुढे ठेवायला हवा होता. त्याऐवजी मी वर्षानुवर्षे एकच वाक्य सांगत आले होते: चांगले गुण मिळवा, शुद्ध विज्ञानाला जा, इन्स्पायर मिळेल. वाक्य खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते, आणि त्याच्या अपुरेपणाचा भार या मुलीवर पडला.

चुलत्यांनी मध्यम मार्ग सुचवला. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घ्यावा. विज्ञानही होईल, नोकरीही मिळेल आणि मॅडम म्हणतात ती शिष्यवृत्तीही मिळेल. सर्वांना हे पटले. मलाही पटले, आणि माझी चूक ती हीच. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यातील एका महाविद्यालयात तिचा प्रवेश झाला. हा अभ्यासक्रम आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतो, त्यामुळे साध्या बी.एस्सी.च्या कित्येक पट शुल्क भरावे लागले. पहिल्या हप्त्याचे पैसे पाहुण्यांकडून उसने घेतले गेले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी योजनेची मार्गदर्शक सूचना प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ओळ न ओळ वाचली. पात्र विषय १८ आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भूशास्त्र, खगोलभौतिकी, खगोलशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, मानवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूभौतिकी, भूरसायनशास्त्र, वातावरणविज्ञान आणि समुद्रविज्ञान. कॉम्प्युटर सायन्स त्यात नाही. बायोटेक्नॉलॉजीही नाही. ज्या तडजोडीत सर्व काही साधेल असे वाटले होते, तिच्यात शिष्यवृत्तीची पात्रताच संपली होती. पदवीच्या नावात 'विज्ञान' आहे एवढ्यावरून कोणी पात्र ठरत नाही; विषय यादीत आहे की नाही हे पाहावे लागते. ही यादी मी मे महिन्यात वाचली असती, तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

त्याच सुमारास दुसरी घडामोड झाली. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय काढून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. निर्णय चांगलाच आहे. कितीतरी मुलींना त्यामुळे शिकता आले. परंतु या घरात त्याचा परिणाम असा झाला की मिटलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला. अभियांत्रिकी फुकट असताना ही मुलगी बी.एस्सी.ला का जाते, हे चुलत्यांना कळेना, आणि त्यांचा प्रश्न रास्तच होता.

आम्ही हिशेब करायला बसलो. वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे जून महिन्याचे पान फाडून त्याच्या पाठीवर दोन रकाने आखले. अभियांत्रिकीच्या रकान्यात शिक्षण शुल्क शून्य लिहिले, पण वसतिगृह, मेस, पुस्तके, लॅपटॉप, प्रवास आणि सवलतीत न येणारी इतर फी लिहिताच तो रकाना भरत गेला. अनुदानित महाविद्यालयातील साध्या बी.एस्सी.च्या रकान्यात वर्षाचे शुल्क नऊ-दहा हजारांच्या आत होते. वसतिगृह आणि मेसचा आकडा दोन्हीकडे सारखाच, वर्षाला सुमारे ७८,००० रुपये. दोन्ही रकान्यांतला फरक कोणालाही वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. मुलीला घराबाहेर ठेवून शिकवण्यात मोठा खर्च राहण्या-खाण्याचा असतो, आणि शुल्कमाफीच्या बातमीत तो दिसत नाही. इन्स्पायरचे ६०,००० रुपये मिळाले, तर त्या ७८,००० पैकी मोठा भाग सुटणार होता.

त्यानंतर वडिलांचा मूळ प्रश्न पुन्हा समोर ठेवला: ते ६०,००० मिळालेच नाहीत तर? मागील वर्षांच्या राज्य मंडळाच्या गुणमर्यादा पाहता तिला चांगली आशा होती, पण त्या वर्षीची मर्यादा कोणालाच माहीत नव्हती. म्हणून पहिले वर्ष शिष्यवृत्ती नाही असे धरूनच आखायचे ठरले. वसतिगृहाचे पैसे दोन हप्त्यांत द्यायचे, विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत नाव नोंदवायचे, आणि शिष्यवृत्ती आली तर आधी पाहुण्यांचे उसने फेडायचे. शिष्यवृत्ती नाही आली तरी ही पदवी आपल्याला हवी आहे का, असे मी तिला सर्वांसमोर विचारले. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हो. पण तसं झालं तर दुसऱ्या वर्षी मी शिकवण्या घेईन, हे आत्ताच सांगून ठेवते." आजी एवढेच म्हणाल्या, "पोरगी बोलली. आता मोडता घालू नका." निर्णय झाला तो या ठिकाणी. चुलते नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी दाखला आणायला तेच तिच्यासोबत गेले.

दाखला परत मिळवणे हे सोपे काम नव्हते. मूळ शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या महाविद्यालयाकडे जमा होता. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज, शुल्काची मूळ पावती, ग्रंथालयाचे ना-हरकत पत्र, वडिलांची सही अशी एकेक मागणी वेगवेगळ्या दिवशी पुढे आली आणि नऊ दिवस गेले. गावापासून पुण्याला एसटीने चार फेऱ्या झाल्या. शुल्कातील काही रक्कम कापून घेतली गेली. दुसऱ्या, अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्र मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी.च्या रिक्त जागांची शेवटची यादी जुलैअखेर लागणार होती. दाखला हातात आला तो त्याच्या दोन दिवस आधी. आणखी तीन दिवस उशीर झाला असता, तर हा लेख वेगळा झाला असता.

अर्ज भरण्याचे काम सप्टेंबरात माझ्या घरी झाले. इथे फार सांगण्यासारखे नाही, फक्त दोन बाबी नोंदवते. पहिली नावाची. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी, इतका फरक चालतो. परंतु तिच्या वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका एकमेकींशी जुळत होत्या, म्हणून आधार दुरुस्त करून घेतले आणि तिच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याशी ते पुन्हा जोडले. ही दुरुस्ती आम्ही ऑगस्टमध्येच हाती घेतली होती, म्हणून मुदतीत झाली. दुसरी बाब स्कॅनची. गावातील केंद्रात काढलेल्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या प्रतीत कोपऱ्यावर धरणाऱ्याचा अंगठा आला होता आणि नेमकी त्याखाली जन्मतारीख होती. प्रत पुन्हा काढली.

खरा वेळ गेला तो महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रात. अर्जासोबत संस्थेच्या प्राचार्यांनी सही-शिक्क्यानिशी दिलेले, ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. विद्यार्थी कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या विषयात प्रवेशित आहे, हे त्यात संस्था प्रमाणित करते. ती पहिल्यांदा खिडकीवर गेली तेव्हा तिला नेहमीचे बोनाफाईड मिळाले. शिष्यवृत्ती म्हटले की बोनाफाईड द्यायचे, ही कार्यालयाची सवय. त्यात त्या क्लार्कचा काही दोष नव्हता, त्यांच्याकडे हा नमुना आधी कधी आलाच नव्हता. दुसऱ्यांदा तिने नमुना छापून नेला. तो भरून मिळाला, पण विषयाच्या जागी नुसते 'एफ.वाय.बी.एस्सी.' लिहिलेले होते, आणि जांभळ्या शाईचा गोल शिक्का तारखेवरच असा उमटला होता की महिना सप्टेंबर आहे की नोव्हेंबर, हे सांगता येत नव्हते. त्या वर्षी आपल्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाला होता. मुख्य विषय आणि गौण विषय असे नवे शब्द आले होते, आणि प्रमाणपत्रात काय लिहायचे याबद्दल कार्यालयातही संभ्रम होता. विषय लिहिलेला नसेल, तर अर्ज तपासणाऱ्याला ही मुलगी १८ विषयांपैकी एकात आहे हे कळणार कसे?

तिसऱ्या खेपेला तिने नमुन्याच्या दोन प्रती नेल्या. एक कोरी होती आणि दुसरी पेन्सिलीने पूर्ण भरलेली: विषयाच्या जागी 'भौतिकशास्त्र (मुख्य विषय)', तारखेची जागा चौकटीत, आणि शिक्क्यासाठी सहीच्या डाव्या बाजूला हलके वर्तुळ. क्लार्कबाईंनी ती प्रत समोर ठेवून कोरी प्रत टाइप केली आणि दुपारी प्राचार्यांची सही झाली. ती पेन्सिलीची प्रत त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. त्याच महिन्यात रसायनशास्त्राच्या दोन मुलींचे अर्ज तिच्यावरून गेले. त्या दोघींना या योजनेची माहितीही याच मुलीकडून मिळाली होती. एका टक्क्यात बसणारी मुले आपल्या महाविद्यालयांत असतात, पण आपण बसतो हे त्यांतल्या अनेकांना माहीतच नसते. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते.

अर्ज मुदतीच्या अकरा दिवस आधी दाखल झाला. मधल्या काळात पहिले वर्ष ठरल्याप्रमाणे शिष्यवृत्तीविना चालले. 'कमवा व शिका'मध्ये तिला ग्रंथालयातील पुस्तके लावण्याचे काम मिळाले. सुरुवातीच्या महिन्यांत गणिताने तिला बराच त्रास दिला, कारण आमच्याकडे बारावीपर्यंत सराव होतो तो गणिते सोडवण्याचा, आणि तिथे सिद्धता लिहायची होती. दिवाळीच्या सुटीत ती वही घेऊन माझ्याकडे आली होती, पण ते माझ्या आवाक्याबाहेरचे होते. मी तिला तिच्याच प्राध्यापकांकडे जायला सांगितले आणि ती गेली. निवडीचे तात्पुरते पत्र आल्याचे तिने मला फोनवर सांगितले, तेव्हा तिच्या आवाजात आनंदापेक्षा सुटका अधिक होती. वडील बाजारात होते. त्यांना निरोप मिळाला तेव्हा त्यांनी पहिला फोन केला तो चुलत्यांना.

हे पत्र तात्पुरते असते, हे मी इथे मुद्दाम लिहिते. शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यासाठी दर वर्षी किमान ६० टक्के गुण किंवा त्याच्या बरोबरीची श्रेणी राखावी लागते आणि प्रगतीचा तपशील गुणपत्रिकेसह पाठवावा लागतो. विषय बदलून यादीबाहेर गेल्यास मदत थांबते. तिचे पहिल्या वर्षाचे सरासरी श्रेणीगुण ७.८ आले, त्यामुळे ती अट निभावली.

उरला उन्हाळी प्रकल्प. २०,००० रुपयांचा तो भाग मिळवायचा तर मार्गदर्शक संशोधक विद्यार्थ्यानेच शोधायचा असतो, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला अनोळखी शास्त्रज्ञाला पत्र लिहिणे हे शिष्यवृत्तीच्या अर्जाहून अवघड वाटते. तिचे पहिले पत्र दीड पानाचे होते आणि त्यात घरची परिस्थिती सविस्तर होती. आम्ही ते दहा ओळींवर आणले: काय शिकले आहे, त्यांचे कोणते काम वाचले आणि त्यातले काय समजले नाही, किती आठवडे येऊ शकते. पुण्यातील निरनिराळ्या संस्थांमधील अकरा जणांना तिने प्रत्येकासाठी वेगळे पत्र लिहिले. आठ जणांकडून उत्तर आले नाही आणि एकाने जागा नसल्याचे कळवले. उरलेल्या दोघांपैकी एकांनी पुढच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता भेटायला बोलावले आहे, आणि येताना पहिल्या वर्षाची प्रयोगवही घेऊन ये, असे लिहिले आहे.